टप कापण्याआधी

व्हॅनच्या टपावर चिकटपट्टीने चौकोन आखतात, कोपऱ्यांत ड्रिलने भोके पाडतात आणि त्यातल्या एका भोकातून करवतीचे पाते आत सोडतात. इथपर्यंत माघार घेता येते. भोक बुजवता येते, वर रंग मारता येतो. पण थोड्याच वेळात मोठा माणूस पाय पसरून झोपेल एवढा पत्रा दोघांनी उचलून गॅरेजच्या भिंतीला टेकवलेला असतो आणि गाडीत वरून थेट उजेड येत असतो. त्या भगदाडावर पुढे फायबरचे झाकण बसते, झाकणाखाली कापडाची कनात लागते, आणि जिथे कालपर्यंत वाकून वावरावे लागत होते तिथे माणूस ताठ उभा राहतो. साध्या मालवाहू व्हॅनचे फिरते घर करण्यातला हा सर्वात मोठा बदल आहे. बाकी पलंग, शेगडी, कपाटे, पडदे हे सारे सामान आहे. नको झाले की काढून ठेवता येते. टप एकदा कापला की कापला.

ब्रिटनमध्ये २०२० आणि २०२१ साली परदेशप्रवास जवळजवळ बंद पडला, तेव्हा देशातल्या देशात फिरण्यासाठी अशा गाड्यांची मागणी खूपच वाढली. डिलिव्हरीच्या कामात झिजलेली फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर विकत घ्यायची आणि हळूहळू ती सजवायची, हा तिथे अनेक घरांचा सुट्टीचा उद्योग झाला. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही मुलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला किंवा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जातात आणि हॉटेलांचे दर पाहून कधी ना कधी या गाड्यांकडे वळून बघतात. आणि इकडे पुण्यात, नाशकात तेच व्हिडिओ पाहणारे तरुण विचारतात, आपल्याकडे हे करता येईल का? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी टप म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला हवे. कायद्याचा भाग त्यानंतरचा.

या गाड्यांची गोष्ट जुनी आहे. फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर १९५० साली कारखान्याबाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात ठेवता येईल अशी पेटी बाजारात आणली. पलंग, कपाट, शेगडी असे सगळे त्या पेटीत. आठवडाभर गाडीने माल वाहायचा आणि शनिवार-रविवारी पेटी आत सरकवून कुटुंबाने निघायचे, अशी ती योजना होती. वेस्टफालियाचा मूळ धंदा घोडागाड्यांच्या काळातला, १८४४ सालचा. ब्रिटनमध्ये याच वाटेवर आली ती केंट परगण्यातल्या फोकस्टनची मार्टिन वॉल्टर ही कंपनी. तिची सुरुवात तर १७७३ साली घोड्यांचे खोगीर आणि साज शिवण्यापासून झालेली. तिने १९५०च्या दशकात बेडफर्ड व्हॅनवर ‘डॉर्मोबिल’ आणली. तिचा टप एका बाजूला बिजागरीवर उचलला जाई आणि त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे रंगीत कापड उलगडे. ब्रिटनमध्ये पुढे कित्येक वर्षे असल्या कुठल्याही गाडीला लोक डॉर्मोबिलच म्हणत, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणत तसे.

मराठीलाही या कुळातला एक शब्द मिळाला आहे. आपण ज्याला सहज टेम्पो म्हणतो, ते हॅम्बुर्गच्या एका वाहन कंपनीचे नाव. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोमुळे ते आपल्या रस्त्यावर आले आणि भाषेत मुरले. टेम्पोच्या टपावर सामान बांधताना, लग्नाच्या वऱ्हाडातली पोरे टपावर चढून बसताना, टप म्हणजे वर ठेवायची जागा एवढेच आपल्या मनात असते. गाडीच्या अंगात टपाचे काम वेगळे आहे.

काड्यापेटी घ्या. आतला खण बाहेरच्या कवचात ढकललेला असताना पेटी पिळून पाहा, ती सहजासहजी पिळली जात नाही. आता आतला खण बाहेर काढून तो दोन्ही टोकांना धरून पिळा, लगेच वाकडा होतो. पुठ्ठा तोच, जाडीही तीच. फरक एवढाच की कवच चारही बाजूंनी बंद आहे आणि खण वरून उघडा. व्हॅनच्या टपाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, बोटाने दाबला तर दबतो. पण तो चारही कडांना जोडलेला असल्यामुळे पूर्ण गाडीला पिळापासून धरून ठेवतो. खड्ड्यात एक चाक उतरले आणि तिरकस विरुद्ध चाक उचलले गेले की तो पीळ अंगभर फिरतो. दारे नीट लागणे, पुढच्या काचेला तडा न जाणे, वळणावर गाडी ठरल्या रेषेत राहणे, या सगळ्यात टपाचा वाटा असतो.

पत्र्याच्या खाली आडव्या कमानी असतात. डाव्या-उजव्या कडेने लांब तुळया जातात आणि त्या तुळयांखाली दारांमधले खांब उभे असतात. जुन्या वाड्याचे पाटन डोळ्यांपुढे आणा: खांब, त्यावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या. पाटनात नवा जिना काढायचा म्हणून मधल्या दोन कड्या कापल्या तर शहाणा सुतार कापलेल्या टोकांना आधार देणारी नवी चौकट आधी तयार ठेवतो. व्हॅनचा टप कापताना मधल्या कमानी जातात, तेव्हा तोच नियम लागू होतो. गाडी उलटली, किंवा बाजूने दुसरी गाडी येऊन आदळली, तर दोन्ही बाजूंच्या तुळयांना एकमेकींपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणाऱ्या त्या कमानीच होत्या.

म्हणून चांगल्या कामात फायबरच्या झाकणाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, खर्च आणि विचार न दिसणाऱ्या भागावर होतो. भगदाडाच्या चारही कडांना आतून पोलादी चौकट बसते. ती त्या विशिष्ट मॉडेलच्या तुळयांना नेमकी टेकेल अशी घडवलेली असते. गाड्यांच्या काचा चिकटवायला वापरतात त्या जातीच्या पॉलियुरेथेन गोंदाने ती पत्र्याला आणि तुळयांना जोडतात. काही जण सोबत रिव्हेटही मारतात. गोंद म्हटल्यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही, वेल्डिंगच बरे वाटते. पण पातळ पत्र्यावर वेल्डिंगची उष्णता पत्रा वाकवते आणि आतल्या बाजूचे गंजरोधक लेपण जाळते. गोंदाची पट्टी ताण एका बिंदूवर न टाकता पूर्ण लांबीभर वाटून देते. अर्थात तो गोंद नीट धरला असेल तर. पृष्ठभाग तेलकट नको, उघड्या पत्र्याला प्राइमर हवा, पट्टीची जाडी सारखी हवी. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने पिकतो, त्यामुळे कडाक्याच्या कोरड्या थंडीत तो रेंगाळतो. उघड्या अंगणात जानेवारीतल्या दुपारी बसवलेली चौकट आणि उबदार गॅरेजमध्ये बसवून दीड-दोन दिवस न हलवलेली चौकट बाहेरून अगदी सारख्या दिसतात. सारख्या नसतात.

फोक्सवॅगनने २००३ सालापासून कॅलिफोर्निया नावाची कॅम्पर स्वतः बनवायला घेतली, तेव्हा तिचा उचलता टप आणि त्याखालचा सांगाडा यांचा हिशेब पहिल्यापासून एकत्र मांडला गेला. कारखान्यातून येणाऱ्या अशा गाडीत आणि जुन्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये मूळ फरक हा आहे. पहिलीत भगदाड गृहीत धरून हाडे घडवलेली असतात. दुसरीत हाडे टपासकट घडवलेली असतात आणि भगदाड नंतर येते. दुसरा मार्ग त्यामुळे वाईट ठरत नाही. तो कित्येक पटींनी स्वस्त आहे, जुन्या गाडीला दुसरा जन्म देतो, आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडतो. आम्हाला तो मनापासून आवडतो. म्हणूनच तो नीट व्हावा असे वाटते.

कारागिरीच्या काही गोष्टी अशा आहेत की त्या गाडी घेतल्यावर दोन वर्षांनी कळतात. करवत चालताना पोलादाचा बारीक कीस उडतो. तो बॉनेटवर, दारांच्या खाचांत, सीटच्या रुळांत जाऊन बसतो आणि पहिल्या दवात गंजायला लागतो. चांगल्या रंगावर तांबूस ठिपके येतात ते त्याचे. म्हणून गाडी आतबाहेर प्लास्टिकने झाकून घ्यावी लागते आणि काम झाल्यावर कीस झटकायचा नसतो, लोहचुंबकाने आणि व्हॅक्यूमने उचलायचा असतो. कापलेली कड उघडी ठेवून त्यावर रबरी पट्टी दाबली की गंज पट्टीखाली निवांत वाढतो. काही गाड्यांत बाजूच्या तुळईलगत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग गुंडाळलेली असते. तिथे पाते कुठपर्यंत जाऊ द्यायचे हे अंदाजाने ठरवायचे काम नव्हे. आतल्या दिव्याच्या वायरी, एरियलची वायर, या तर किरकोळ गोष्टी, पण बॅटरी न काढता सुरुवात केली तर त्याही महाग पडतात.

उंचीचा हिशेब मात्र या टपाच्या बाजूने आहे, आणि इतकी वर्षे तो टिकला तो त्यामुळेच. साधी ट्रान्सपोर्टर सुमारे १.९९ मीटर उंच. आत जेमतेम १.४० मीटर. कायमचा उंच टप बसवला तर आत उभे राहता येते, पण युरोपातल्या तळघरातल्या पार्किंगपुढचे आडवे दांडे चुकवणे अशक्य होते. उचलता टप बंद असताना गाडीची उंची थोडीच वाढते, गाडी रोजच्या ऑफिसलाही जाते, मुलांना शाळेत सोडते. मुक्कामाला पोचल्यावर दोन पट्टे सोडायचे, वर रेटा द्यायचा, डिकीला असतात तसे गॅसचे शॉक उरलेले काम करतात. वर लाकडी फळ्यांचा बिछाना पडतो आणि मुले तिथे झोपायला भांडतात. दिवसा सामान्य, रात्री घर, ही दोन्ही कामे एकाच गाडीकडून होतात.

त्या वरच्या बिछान्याबद्दल थोडे सांगायला हवे. कनात कापडाची असते. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते आणि थंड फायबरला आतून चिकटते. सकाळी गडबडीत ओली कनात मिटून टप बंद केला आणि गाडी आठवडाभर तशीच उभी राहिली, तर कापडाला बुरशी धरते आणि ती जात नाही. कोकणातल्या आषाढात सतरंजी दोन दिवस ओली राहिली तर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. घरी आल्यावर टप पुन्हा उघडून कनात वाळवणे हा या गाडीचा नित्यनेम आहे. जोराचा वारा सुटला तर रात्री उठून टप खाली घ्यावा लागतो, त्याची तयारी ठेवावी. आणि बंद खिडक्यांत शेगडी पेटवून ऊब घेण्याचा मोह कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो झोपलेल्या माणसाला उठवत नाही. गजराचे यंत्र गाडीत हवेच, पलंग नंतर आला तरी चालेल.

आता कायद्याकडे. तीन देश तीन वेगळे प्रश्न विचारतात, आणि प्रश्नाची निवडच बरेच काही ठरवते.

ब्रिटनमध्ये नोंदणी होऊन गेलेल्या व्हॅनचा टप मालकाने कापून घेतला तर त्या कापाकापीसाठी वेगळी मान्यता घ्यावी अशी सर्वसाधारण सक्ती नाही. दरवर्षीची तपासणी गंज, ब्रेक, दिवे, पट्टे पाहते. कागदोपत्री गाडीचा प्रकार बदलून ‘मोटर कॅरॅव्हॅन’ करून घ्यायचा असेल तर स्वानसीच्या डीव्हीएलए या नोंदणी खात्याकडे अर्ज करावा लागतो. खाते पाहते ते असे, की ही गाडी रस्त्यावर बाहेरून मोटर कॅरॅव्हॅन म्हणून ओळखू येते का. बाजूला खिडक्या आहेत का, सावलीचे कापड ताणायचा दांडा आहे का, दोन्ही बाजूंना कॅरॅव्हॅनला शोभेशी चित्रे रंगवली आहेत का, टप कायमचा उंच आहे का. उचलता टप या यादीत धरला जात नाही, तसे स्पष्ट लिहिले आहे. पोलिसांना गाडी ओळखता यावी हा त्यामागचा हेतू असून तो आपल्या जागी रास्त आहे. पण परिणाम असा होतो, की गाडीच्या बाजूला काढलेली चित्रे कागदावर मोजली जातात आणि टपाखालच्या कमानी कापल्या गेल्या ही गोष्ट मोजली जात नाही. तिथले चांगले व्यावसायिक स्वतःहून आपल्या चौकटी आणि सीटपट्ट्यांचे आधार ओढताणीच्या चाचण्यांतून काढून घेतात, त्याचे दाखले गिऱ्हाइकाला देतात. जे देत नाहीत त्यांच्यावर बंधन मात्र काहीच नाही.

जर्मनीत प्रश्न वेगळा आहे. तिथल्या वाहन नियमांनुसार ज्या बदलामुळे इतरांना धोका संभवतो त्या बदलाने गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपतो. तो परत मिळवायचा तर बसवलेल्या भागाचा तांत्रिक अहवाल लागतो, ट्यूफसारख्या संस्थेचा तपासनीस गाडी प्रत्यक्ष पाहतो आणि बदल गाडीच्या कागदांत नोंदवला जातो. ट्यूफची मुळे १८६६ सालच्या मानहाइममध्ये आहेत. एका ब्रुअरीतला बॉयलर फुटल्यानंतर बॉयलरमालकांनीच एकत्र येऊन तपासणीची व्यवस्था उभी केली. वाफेच्या टाकीला लावलेली शिस्त पुढे मोटारीपर्यंत आली. ही पद्धत खर्चिक आहे, वेळ खाते, आणि घरच्या घरी काम करणाऱ्या हौशी माणसाचा उत्साह काही वेळा मोडते. तरीही तिचा प्रश्न बरोबर आहे: जे कापले त्याच्या जागी काय बसवले?

भारतात हा प्रश्न विचारण्याची वेळच सहसा येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाह्य प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आपल्याकडे आहे, पण ते प्रकार-मान्यता घेऊन गाड्या बनवणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या जुन्या व्हॅनचा टप कापू पाहणाऱ्या पुण्यातल्या तरुणाला आजचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते त्याने पाळावे. व्हिडिओत दिसते म्हणून गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून टप कापून घेतला तर विमाही हातचा जाऊ शकतो आणि अपघातात त्याहून मोठे काही.

पण तेवढ्यावर थांबणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. फिरत्या घरातून लोकांनी राज्य पाहावे असे सरकारला वाटते, हे चांगले आहे. मग त्या गाड्या फक्त भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या असाव्यात का? २०१९च्याच दुरुस्तीत ५२व्या कलमाला आणखी एक परंतुक जोडले गेले: बदलांसाठी तपशील, मान्यतेच्या अटी आणि बसवण्याचे नियम केंद्र सरकार ठरवू शकते, आणि तसे झाले तर मूळ कंपनीची वॉरंटीही रद्द मानली जाणार नाही. म्हणजे दार कायद्याने कायमचे बंद केलेले नाही. टपाच्या बाबतीत ते उघडायचे असेल तर त्यासाठी लागणारी चाचणीची साधने आणि माणसे आपल्या राज्यातच आहेत. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था १९६६पासून गाड्या पारखते आहे. ठराविक मॉडेलसाठी ठराविक चौकट, ती एकदा तपासून प्रमाणित केलेली, ठराविक गोंद, आणि काम करणाऱ्याचे नाव व जबाबदारी कागदावर, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सीएनजीचे किट आपण याच रीतीने स्वीकारले. एके काळी गल्लोगल्ली कसेही बसवले जाणारे ते किट आज मान्यताप्राप्त ठिकाणी बसते आणि नोंदणीपुस्तकात चढते. गॅसच्या टाकीसाठी जे जमले ते पोलादाच्या चौकटीसाठी न जमण्याचे कारण दिसत नाही.

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना मात्र नियमांची वाट पाहत बसण्याची गरज नाही. टप बसवणाऱ्याकडे गेल्यावर फायबरचा रंग आणि कनातीचे कापड निवडण्याआधी चौकट बघायला मागावी. ती कोणत्या मॉडेलसाठी घडवली, कुठे तपासली, दाखला कुठे आहे, हे विचारावे. उत्तर देताना जो कारागीर चौकट हातात धरून दाखवतो त्याच्याकडे थांबावे. जुनी, टप आधीच बदललेली गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाकडे काम चालू असतानाचे फोटो मागावेत, कारण आतले अस्तर एकदा चढले की चौकट आहे की नाही हे कोणत्याही तपासनिसाला दिसत नाही. आणि स्वतःचे काम करून घेत असाल तर अस्तर लावायच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन, टॉर्च घेऊन, चारही कोपरे आणि गोंदाची पट्टी बघून यावे.